मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी

पेशंटला सोनोग्राफीची चिठ्ठी दिली की तो ती छातीशी धरून घेऊन जातो. एमआरआयची दिली तर गल्लीच्या टोकापर्यंत चारजणांना दाखवतो. मानसोपचाराची चिठ्ठी मात्र लोक घडीवर घडी घालत इतकी लहान करतात, की ती कुठल्या खिशात गेली हे नंतर त्यांनाच सापडत नाही. कसबा पेठेत इतकी वर्षं दवाखाना चालवल्यावर एवढं मी नक्की सांगू शकते, की फॅमिली डॉक्टरच्या हातून लिहिला जाणारा सगळ्यात अवघड कागद हाच.

एक गृहस्थ झोप लागत नाही आणि सकाळी उठल्याबरोबर रडू येतं म्हणून आले होते. मी म्हटलं, "सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एकदा जाऊन या." ते उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "डॉक्टर, आपल्याला निदान जमत नसेल तर तसं सांगावं. माणसाला वेडं ठरवू नये." दुसऱ्या दिवसापासून ते समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जायला लागले. जाताना माझ्या दवाखान्यावरूनच जातात, मान वळवून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चिठ्ठी लिहिली की आमचं काम संपलं. खरं म्हणजे चिठ्ठी हे शेवटचं काम. त्याआधी डोकेदुखी, अॅसिडिटी, छातीत धडधड या नावांनी आलेलं दुखणं ओळखायचं. मग ते पेशंटच्या घशाखाली उतरेल अशा शब्दांत सांगायचं. मग घरच्यांची समजूत. आणि पेशंट सरकारी रुग्णालयात गेलाच, तर तिथे काय होणार हेही आधी सांगून ठेवायचं: केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की मानसोपचारतज्ज्ञ तपासतात, गरज वाटली तर शेजारच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ तासभर बोलत बसतात, समाजसेविका घरच्यांची विचारपूस करते, गोळ्या तिथल्याच खिडकीवर मिळतात. शॉक देत नाहीत का, कोंडून ठेवत नाहीत का, असं हमखास विचारतात. "गर्दी मात्र असते," असं मी प्रामाणिकपणे सांगते. पुण्याच्या माणसाला शॉकपेक्षा गर्दीची भीती जास्त.

पण हे सगळं येणाऱ्या पेशंटचं झालं. जो मुळात आजारी आहे असं मानतच नाही, त्याचं काय करायचं? त्याचीच ही हकीकत. माणसं खरी आहेत, नावं बदलली आहेत. लिहिण्याआधी मी त्या घरातल्या तिघांचीही परवानगी घेतली. ज्यांना मी इथे कुंटेकाका म्हणणार आहे, त्यांनी कच्चा मजकूर वाचून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि खाली शेरा मारला, "मजकूर बरोबर. लांबण लावू नये."

सुरुवात कुंटेकाकूंपासून झाली. पासष्टीच्या आसपासच्या, ठेंगण्या, बोलायला मऊ. लघवीला जळजळ होते म्हणून आल्या. औषध दिलं, बरं वाटलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. या वयात असं वारंवार झालं की आम्ही आधी साखर बघतो, मग मुतखडा. साखर ठीक होती, सोनोग्राफीत काही नव्हतं. ऐन चैत्रातल्या एका सकाळी त्या समोर बसल्या तेव्हा मी त्यांना जीभ दाखवायला सांगितलं. जीभ कोरडी ठक्क होती.

"काकू, पाणी किती पिता?"

"पिते की."

"म्हणजे किती?"

"लागेल तेवढं."

माझ्या दवाखान्यात कोपऱ्यात फिल्टर आहे. मी पेलाभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग एका दमात तो पेला रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. दुसरा पेलाही तसाच संपवला. पदरानं तोंड कोरडं केलं, अगदी काळजीपूर्वक, ओठांचे कोपरेसुद्धा. आणि म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका हं."

माझ्याकडे लोकांनी नाना गुपितं ठेवली आहेत. पाणी प्यायल्याचं गुपित कुणी ठेवलं नव्हतं. मी बाहेर बसलेल्या शैलाताईंना, म्हणजे माझ्या मदतनीस बाईंना, पुढचा पेशंट जरा थांबवायला सांगितलं.

काकूंनी हळूहळू सांगितलं. कुंटेकाका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीच्या शेवटच्या काळात कुठल्याशा कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला होता. प्रकरण तिथेच मिटलं, सगळे विसरलेही. काका विसरले नाहीत. गेल्या दिवाळीपासून त्यांना खात्री पटली होती, की कचेरीतल्या त्या माणसांनी आपल्यावर डूख धरला आहे आणि खडकवासल्याहून पाणी आपल्या नळापर्यंत येताना त्यात काहीतरी मिसळलं जातं. सगळ्या पुण्याच्या पाण्यात नव्हे, फक्त कुंट्यांच्या.

"मग तुम्ही पिता काय?"

"लांबच्या एका बोअरिंगचं पाणी हे स्वतः कॅन घेऊन आणतात. उकळतात, गाळतात. मग त्यात जास्वंदीची पाकळी टाकून ठेवतात. पाकळीचा रंग उतरला की सगळं ओतून देतात."

"आणि रंग उतरतोच."

"बहुतेक वेळा उतरतो," काकू म्हणाल्या. "राहील तेवढं आम्ही दोघं पितो."

"बाहेर कुठे पीत जा ना तुम्ही. शेजारी, देवळात."

"आल्यावर विचारतात, कुठे काही प्यायलीस का. मला खोटं बोलता येत नाही हो. ओरडत नाहीत कधी, हात तर जन्मात उगारला नाही. रडतात. तू मेलीस तर मी काय करू म्हणून रडतात."

नवऱ्याच्या जाचातून बाईला कसं सोडवायचं याचे काही रस्ते मला ठाऊक होते. इथे जाच नव्हता. एक माणूस बायकोचा जीव वाचवायच्या धडपडीत तिला तहानेनं मारत होता.

पुढच्या आठवड्यात काका रक्तदाब तपासायला आले. ते माझे जुने पेशंट. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, घड्याळाच्या काट्यावर हजर. राजकारणावर बोलले, पेठेतल्या पार्किंगवर बोलले, सगळं नीट, मुद्देसूद. या आजाराची हीच अडचण असते. एका खोलीत आग लागलेली असते आणि बाकी घर झाडून पुसून लख्ख. रक्तदाब कमी होता, ओठ सुकलेले होते. निघताना त्यांनी कोपऱ्यातल्या फिल्टरकडे पाहिलं.

"आपल्याकडे पाणी कुठल्या लाइनचं येतं, डॉक्टर?"

"सगळ्या पेठेला येतं तेच."

"असं आपल्याला सांगितलंय," ते म्हणाले. मला सांभाळून घ्यावं तसं हसले.

मी सरकारी रुग्णालयातल्या डॉ. तांबोळींना फोन केला. मानसोपचार विभागातल्या या बाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, पण माझे पेशंट त्या नेहमी आपुलकीने बघायच्या. त्या म्हणाल्या, "हा संशयाचा आजार दिसतोय. वाद घालू नका, आणि हो ला हो पण करू नका. झोप, भूक, थकवा याविषयी बोला. त्रास त्यांना होतोच आहे, तो धरून इकडे आणता आलं तर बघा. आणि मॅडम, काकूंवर लक्ष ठेवा. खरा धोका त्यांना आहे."

तसं मी केलं. काकांना झोप येत नव्हती हे त्यांनी कबूल केलं. पाण्यावर रात्रभर लक्ष ठेवणाऱ्याला झोप कुठून येणार? मी म्हटलं, "या काळजीने तुमचे हाल होताहेत. त्या हालांवर औषध आहे." आणि चिठ्ठी लिहून दिली. कुणाच्या नावाची आहे ते लपवलं नाही. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, घडी न घालता टेबलावर परत ठेवली.

"पत्ता चुकलाय," ते म्हणाले. "पाण्यात मिसळणाऱ्याला द्या ही. त्याला गरज आहे."

मग त्यांचा मुलगा आला. मंदार. आयटीत नोकरी, मांजरीकडच्या नव्या वसाहतीत बायको आणि लहान मुलीसह राहणारा. लहानपणी गालगुंड झालेलं असताना याच खुर्चीत बसून रडलेला. आता चाळिशीचा होता आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"डॉक्टर, मी नेटवर वाचलंय. बिनचवीचे थेंब मिळतात. जेवणात, पाण्यात घालता येतात. तुम्ही लिहून द्या फक्त. बाकी मी बघतो."

"नाही मंदार."

"का नाही? रोज लोक करतात हे."

"करतात. पण तुझ्या बाबांची तक्रार काय आहे? पाण्यात कुणीतरी काहीतरी घालतं. आणि तू म्हणतोस, आपण पाण्यात काहीतरी घालू."

तो उठून उभा राहिला. "ऐकायला छान आहे हे. पण माझी आई वाळून चाललीय. मी तिला मांजरीला चल म्हणतो तर ती येत नाही. म्हणते, मी गेले तर हे एकटे काय पितील? मी काय करू सांगा ना. प्रॅक्टिकली काय करू?"

माझ्याकडे त्याला देण्यासारखं जे होतं ते थोडं होतं आणि संथ होतं. काकूंनी रोज दवाखान्यात यायचं, रक्तदाबाच्या निमित्ताने, आणि इथे पोटभर पाणी प्यायचं; काकांनी विचारलं तर डॉक्टरांनी पाजलं, असं सरळ सांगायचं. काकांशी मी बोलत राहायचं. आणि जिवाला धोका दिसला तर कायद्याची वाट आहे, तेव्हा पेशंटच्या मर्जीविरुद्धही उपचार करता येतात, त्यासाठी त्याने एकदा डॉ. तांबोळींना भेटून यावं. मंदारने ऐकून घेतलं. "तोपर्यंत किडन्या राहतील ना?" एवढं म्हणून गेला. पोरगा चुकीचं बोलत नव्हता.

काकू काही दिवस आल्या. मग एक दिवस आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसरा दिवस रविवार होता. सकाळी मी घरी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात मंदारचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं.

"डॉक्टर, बाबांनी आतून दार लावलंय. आई आत आहे. दोन दिवस ती पडूनच आहे, ताप आहे, काल रात्रीपासून थंडी वाजतेय. प्लीज या."

मी तशीच निघाले. जाताना दवाखाना उघडून सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनं, जे लागेल ते पिशवीत भरलं. कुंट्यांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर, एका लहान इमारतीत पहिल्या मजल्यावर. जिन्यात शेजारी जमले होते. कुणी म्हणत होतं दार फोडा, कुणी म्हणत होतं पोलिसांना बोलवा, आणि एक आजोबा वरच्या मजल्यावरून विचारत होते, "आवाज जरा कमी होईल का?"

मंदार जिन्याच्या पायरीवर बसला होता. माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं. ओळखीच्या एका औषधवाल्याकडून त्याने थेंब मिळवले होते. रोज ऑफिसला जाताना आईवडिलांकडे डोकावायचा आणि काकांच्या तांब्यात उकळून ठेवलेल्या पाण्यात टाकायचा. काकांचे हात कापायला लागले, जबडा आखडला, दिवसा गुंगी यायला लागली. काका बारकाईने बघणारा माणूस. त्यांनी पाळत ठेवली. आज सुट्टी असूनही मंदार सकाळी आला आणि थेंबांची बाटली तांब्यावर धरून उभा असताना ते मागे येऊन उभे राहिले.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. नुसते बघत राहिले. मग मला ढकलत ढकलत दाराबाहेर काढलं."

मी डॉ. तांबोळींना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "अँब्युलन्स मागवा आणि पोलिसांनाही कळवा, पण त्यांना खाली थांबवा. दार फोडलं तर आत काय होईल सांगता येत नाही. त्यांचा विश्वास असलेलं एकच माणूस तिथे आहे, ते तुम्ही. बोला. पण काकूंचा आवाज ऐकत राहा. तो थांबला तर मग वाट बघायची नाही."

शेजाऱ्यांना ते दोन्ही फोन करायला सांगून मी दारावर हात टेकवला. "काका, मी डॉक्टर."

आतून पावलं जवळ आली. "आपण कशाला आलात? आपल्यालाही पाठवलं का त्यांनी?"

"मंदारने बोलावलं. काकूंना ताप आहे म्हणून."

"तिला विष झालंय. मी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही. आता तिला पाण्याचा थेंब देणार नाही मी. कसलाच."

मी हाक मारली, "काकू! कशा आहात?"

"आहे," दारापासून दूर कुठून तरी आवाज आला. "थंडी वाजतेय फार."

थंडी वाजून ताप म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असणार. या वयात, अशा सुकलेल्या शरीरात, तो ताप काही तासांत रक्तदाब पाडतो आणि माणूस हातचं जातं. दारापलीकडे त्या पडल्या होत्या आणि माझ्या पिशवीत त्यांना लागणारं सगळं होतं.

"काका, त्यांना आत्ता पाणी हवंय. नाहीतर फार वाईट होईल."

"कुठलं पाणी? नावं सांगा. कुणाचं पाणी?"

खालून अँब्युलन्सचा आवाज आला आणि बंद झाला. जिन्यात खाकी कपडे दिसले. मी हाताने त्यांना थांबायची खूण केली. पुन्हा हाक मारली, "काकू?"

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. आलं ते नुसतं कण्हणं.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय येऊन गेलं. काकांना सांगावं, तुमचा गैरसमज झाला, मंदार टाकत होता ते व्हिटॅमिन होतं. किंवा सांगावं, मिसळणारी माणसं सापडली, पकडली, दार उघडा. चटकन उघडलंही असतं. आणि मग जन्मभर त्यांनी कुठल्याच डॉक्टरसाठी उघडलं नसतं.

"काका, ऐका," मी म्हटलं. "आज तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे. तुमच्या पाण्यात औषध घातलं गेलं. तुमचे हात कापतात, जबडा आखडतो, ते त्याच औषधाने. तुमचा भास नाही तो."

मंदार माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होता.

"काय म्हणालात?" काकांचा आवाज बदलला होता.

"खरं तेच म्हणाले. खडकवासल्याचं मी म्हणत नाही. ते मला पटत नाही आणि पटतं असं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. पण हे मात्र झालंय."

"आपण दिलंत औषध?"

"नाही. माझ्याकडे मागितलं होतं. मी दिलं नाही."

"मग कुणी?"

मी मंदारकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मी त्याचा दंड धरून त्याला उठवलं आणि दारासमोर उभं केलं. कपाळ दाराला टेकवून तो म्हणाला, "बाबा, मी."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"कचेरीतलं कोण भेटलं होतं?"

"कुणी नाही हो बाबा. मीच. आई मरेल असं वाटलं मला. तुम्ही पण."

दारापलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. नंतर कळलं, काका दाराशीच खाली बसले होते. मी घड्याळाकडे बघत नव्हते. काकूंच्या आवाजाकडे कान होता आणि आवाज येत नव्हता. इन्स्पेक्टर एक पायरी वर आले. मी मनाशी ठरवलं, आता आणखी एकदा विचारायचं, आणि मग फोडू द्यायचं.

"काका, माझ्या पिशवीत सलाईनची बाटली आहे. सीलबंद. कारखान्यातून निघाल्यापासून ती कुणी उघडलेली नाही. तुम्ही स्वतः बघा, स्वतः वाचा, आणि तुम्ही हो म्हणालात तरच मी काकूंना लावीन."

"तारीख आहे तिच्यावर?"

"आहे."

कडी वाजली. दार हातभर उघडलं. काकांनी हात बाहेर काढला, मी बाटली त्या हातात ठेवली. हात थरथरत होता. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, सील नखाने चाचपलं आणि त्या अवस्थेत, लेबलावरचं सगळं, बॅच नंबरासकट, मोठ्याने वाचलं. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाले.

"लावा," म्हणाले.

काकू पलंगावर शुद्ध-बेशुद्धीच्या काठावर होत्या. नाडी हाताला जेमतेम लागत होती. शीर सापडेना, शरीरात पाणीच नव्हतं तर शीर कुठून वर येणार? दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा सुई आत गेली आणि थेंब पडायला लागले, तेव्हा मागे उभे असलेले काका लहान मुलासारखे हुंदके देत होते.

मंदार दारातून म्हणाला, "आपण तिला चांगल्या प्रायव्हेट हॉस्पिटलला नेऊ."

"खाजगी नाही," काका त्याच्याकडे न बघता म्हणाले. "सरकारी. तिथे प्रत्येक गोष्टीची नोंद राहते."

ज्या दारात मी त्यांना महिनाभर नेऊ शकले नव्हते, तिथे ते अँब्युलन्समध्ये सलाईनची बाटली स्वतःच्या हाताने उंच धरून गेले.

काकू बरेच दिवस वॉर्डात होत्या. काका त्यांच्या उशाशी. मी नव्या बाटल्या त्यांना आधी दाखवायला नर्सबाईंना विनवलं होतं. त्या कुरकुरल्या, पण दाखवत होत्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉ. तांबोळी तिथे आल्या. मी तिथेच होते. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी उठून जाते. आणि एक सांगते, इथे कुणीही तुम्हाला न सांगता काही देणार नाही."

काकांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "निदान हुद्दा तरी खरा सांगितलात," म्हणाले. "बसा."

त्यांनी औषध घ्यायचं कबूल केलं, तेही आपल्या अटींवर. गोळी पाकिटातून ते स्वतः काढणार, कशासाठी आहे ते डॉक्टरांनी सांगायचं, आणि त्रास झाला तर बदलायची. डॉ. तांबोळींनी सगळ्या मान्य केल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, प्रत्येक पेशंटने असंच विचारायला हवं खरं तर."

असा आजार मुळापासून जातो असं मी लिहिणार नाही. काकांचा संशय पुसला गेला नाही. पुढे एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मिसळत असतीलही. पण आता दिवसभर तेच डोक्यात नसतं. बाकीही कामं असतात माणसाला." ते नळाचं पाणी उकळून पितात. पुण्यात तसं पुष्कळजण पितात, त्यामुळे उठून दिसत नाही. जास्वंद देवाला वाहिली जाते.

काकूंची हकीकत मला अनपेक्षित होती. काकांच्या तपासणीच्या वेळी बाहेर बसलेल्या काकूंना तिथल्या समाजसेविकेने आत बोलावलं आणि विचारलं, "त्यांचं कळलं. तुमचं काय?" काकू म्हणाल्या, "माझं काय असणार?" आणि रडायला लागल्या, त्या थांबेनात. तेव्हापासून महिन्यातून एकदा, काका आत असताना, त्याही शेजारच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ बाईंशी बोलायला बसतात. मला म्हणाल्या, "इतकं कुणी ऐकून घेतल्याची सवय नाही हो. आधी वाटायचं, यांना दुसरं काम नाही की काय."

हळहळ वाटते ती मंदारची. काका त्याच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, अबोला. तो रविवारी यायचा, आईशी बोलायचा, वडील वर्तमानपत्र वर धरून बसायचे. त्याने आणलेलं काही ते खात नसत. त्याच्या लेकीला मांडीवर घेत, तिच्या हातून पाणीसुद्धा पीत, पण त्याच्या हातून नाही. मी काकांना समजवायला गेले तर म्हणाले, "डॉक्टर, नळाच्या पाण्याचा संशय हा आजार आहे असं आपणच म्हणता ना? मग हा आजार नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय." मंदारने वडिलांचा विश्वास मोडला हे खरं. आणि त्या वेळी त्याच्या जागी दुसरा मुलगा असता तर त्याने काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही, हेही खरं.

वर्षभराने मंदार दवाखाना बंद व्हायच्या वेळेला आला. वाळला होता. ऑफिसात लक्ष लागत नाही, मुलीवर उगाच ओरडतो, पहाटे दचकून जाग येते आणि ते दार दिसतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "मला पण चिठ्ठी द्याल का?"

"कुठली? खाजगीतले चांगले डॉक्टर आहेत माझ्या ओळखीचे."

"नको. तिथलीच द्या. डॉ. तांबोळींची."

मी लिहून दिली. त्याने घडी न घालता ती हातात धरूनच नेली.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. मंदार पहिल्यांदा गेला तो नेमका काकांचा तपासणीचा वार होता. काका आणि काकू बाकावर बसलेले. समोरून मंदार आला, त्यांना पाहून थबकला, परत फिरायच्या बेतात होता. काकू उठायला लागल्या. काकांनी त्यांना हाताने बसवलं. मुलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या हातातली माझी चिठ्ठी पाहिली. मग बाकावर थोडे सरकले.

मंदार बसला. आतून एकेक नाव पुकारलं जात होतं. शेवटी काका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "केसपेपर काढलास का?"

"नाही अजून."

"आधी तो काढ. खिडकी साडेअकराला बंद करतात. जा, जागा मी धरून ठेवतो."